पिलांना ऊब द्या, पण कोंडू नका
(थंडीपावसात टिकणारे साधे खुराडे कसे बांधावे?)



सुगी आटोपली, मळण्या झाल्या, खळ्यावर सांडलेले भात कोंबड्यांनी वेचून खाल्ले, की आपल्या बेळगाव-खानापूर भागात घरोघरी कोंबड्या खुडूक होऊ लागतात. आगमनकाळात अंडी फुटतात आणि नाताळाच्या सुमारास अंगणात पिलांची चिवचिव सुरू होते. पुढे महिनाभरात मात्र पुष्कळ घरी एकच तक्रार ऐकू येते : दहा फुटली, चार उरली. घारीने नेलेली दोन आणि मांजराने धरलेले एक आपल्या ध्यानात राहते. पण सकाळी खुराड्याच्या कोपऱ्यात एकमेकांखाली चेंगरून मेलेली, किंवा पंख पाडून गुपचूप बसलेली आणि दुपारपर्यंत गेलेली पिले आपण 'रोग आला' एवढे म्हणून सोडून देतो.

त्यांतील पुष्कळ पिलांना रोग झालेला नसतो. ती गारठ्याने, ओलीने, नाहीतर कोंदट हवेने गेलेली असतात. ही हानी टाळता येण्याजोगी आहे. अंड्याकोंबड्यांचा पैसा हा बहुधा घरातल्या बाईच्या हातचा पैसा असतो. मुलांच्या वह्या, दुखण्याखुपण्याची औषधे, सणाचे गोडधोड यांतून चालते. शिवाय वाढत्या मुलाला घरचे अंडे मिळते ते निराळेच. म्हणून या वेळी आमच्या पानावर आम्ही एका साध्या, उबदार आणि घरच्या सामानात बांधता येणाऱ्या खुराड्याची माहिती देत आहोत.

पिलाला ऊब बाहेरून का लागते?

मोठ्या कोंबडीच्या अंगाची उष्णता ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्यापेक्षा चार-पाच अंशांनी जास्त. ही उष्णता तिची पिसे आत धरून ठेवतात. नुकत्या फुटलेल्या पिलाच्या अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते. ती भिजली की तिचा काही उपयोग राहत नाही. शिवाय अंगाची उष्णता सांभाळण्याची शक्ती पिलाला पहिल्या दिवसापासून नसते. ती हळूहळू येते आणि पुरेशी पिसे यायला चार ते पाच आठवडे जातात. तोवर ऊब आईने द्यावी लागते, नाहीतर आपण.

डिसेंबर-जानेवारीत बेळगावात रात्रीचा पारा १४ अंशांच्या आसपास येतो, कधी त्याहूनही खाली. पहिल्या आठवड्यातील पिलाला मात्र ३५ अंशांची ऊब हवी असते. हा वीस अंशांचा फरक भरून काढता आला नाही, तर पिलू खाणेपिणे सोडून नुसते ऊब शोधत राहते. दोन-तीन दिवस पोटातील बलकावर निघतात. त्यानंतर उपाशी पिलू गारठ्यापुढे टिकत नाही.

ऊब आणि कोंडणे यांत फरक आहे

थंडी पडली की आपण काय करतो? खुराड्याच्या सगळ्या फटी बुजवतो, वरून ताडपत्री टाकतो, किंवा पिले पेटीत घालून झाकण लावतो. हेतू चांगला असतो, पण परिणाम उलटा होतो. पिलांच्या श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभर वाफ निघते. तिला बाहेर जायला वाट नसली, की ती छताला लागून थेंब होते आणि खाली पडते. अंथरूण ओले होते. ओल्या विष्ठेतून झोंबरा वायू सुटतो, त्याने पिलांचे डोळे चुरचुरतात आणि छाती भरते. मग बाहेर जेवढा गारठा, तेवढाच आत, आणि वर ओल. म्हणजे पेटी बंद करून आपण पिलाला थंडीपेक्षाही वाईट ठिकाणी ठेवतो.

पिलाचे वैरी तीन : ओल, जमिनीलगत येणारा वाऱ्याचा झोत, आणि कोंदटपणा. तिन्ही टाळायचे असतील तर नियम सोपा आहे. खाली बंद, वर उघडे. पिले बसतात तिथे, म्हणजे जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत, वारा लागू नये. गरम आणि दमट हवा वर चढते, तिला जाण्यासाठी अगदी वरच्या बाजूला कायम वाट ठेवावी.

येरुशलेमविषयी दुःख व्यक्त करताना प्रभू येशूने पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचा दाखला दिला, तो आपण शुभवर्तमानात ऐकतो. तेच चित्र संध्याकाळी आपल्या अंगणात नीट पाहावे. कोंबडी पिलांना पोटाखाली घेते, अंग फुलवून चहूबाजूंनी वारा अडवते, पण पिलांची तोंडे तिच्या पिसांतून बाहेर डोकावत असतात. त्यांना ऊबही मिळते आणि हवाही. खुराडे बांधताना हेच ध्यानात ठेवावे.

जागा कोणती निवडावी?

खुराडे घरात, माजघरात किंवा चुलीपाशी नसावे. माणसांनी आणि कोंबड्यांनी एका खोलीत झोपणे दोघांच्याही आरोग्याला चांगले नाही. मात्र ते घरापासून फार दूरही नसावे. रात्री कोंबड्यांनी कलकलाट केला तर ऐकू यायला हवा. घराच्या पूर्वेच्या भिंतीपासून चार-पाच हात अंतरावरची, थोडी उंच आणि पाणी न साचणारी जागा उत्तम. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, तो घर अडवते. सकाळचे कोवळे ऊन पूर्वेकडून मिळते. हिवाळ्यातील कोरडा वारा बहुतेक ईशान्येकडून येतो, म्हणून खुराड्याची उत्तर बाजू पूर्ण बंद ठेवावी. झाडाच्या अगदी खाली बांधू नये, कारण पावसाळ्यात तिथे थेंब ठिबकत राहतात आणि जमीन वाळत नाही.

सामान

बहुतेक सामान घरी किंवा वाड्यावर मिळण्याजोगे आहे. चार खांबांसाठी टिकाऊ लाकूड किंवा जाड कळक, भिंतींसाठी बांबूच्या कामट्या, लिंपण्यासाठी शेण आणि माती, छपरासाठी मंगळुरी कौले, पुढच्या बाजूसाठी अर्ध्या इंची भोकांची तारेची जाळी, चार-पाच गोणपाटे, अंथरण्यासाठी भाताचे कोरडे तूस, आणि बांधायला तार किंवा काथ्या. तूस भाताच्या गिरणीवर मिळते. ते आणल्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळवावे. बुरशी लागलेले, काळे पडलेले तूस कितीही फुकट मिळाले तरी घेऊ नये.

बांधणी

आम्ही देत असलेले माप चार फूट लांब आणि तीन फूट रुंद अशा खुराड्याचे आहे. रात्री सहा-सात मोठ्या कोंबड्या आणि शिवाय पिलांसह एक आई यांना ते पुरते.

(१) खांब : पुढचे दोन खांब सात फुटी आणि मागचे दोन साडेपाच फुटी घ्यावेत. चारही खांब दीड फूट जमिनीत पुरावेत. पुरण्याच्या टोकाला आधी डांबर लावावे, म्हणजे वाळवी लागत नाही. पुढची बाजू पूर्वेला आणि मागची पश्चिमेला येईल असे पाहावे.

(२) जमीन : खुराड्याची जमीन भुईपासून दोन फूट उंच बांधावी. त्यामुळे ओल चढत नाही, पावसाचे पाणी शिरत नाही आणि खालून झाडलोट करता येते. चार फुटांच्या लांबीचे दोन भाग करावेत. उत्तरेकडचा दीड फुटांचा भाग पिलांच्या आईसाठी ठेवावा, त्याला आपण बाळंतिणीची खोली म्हणू. दक्षिणेकडचा अडीच फुटांचा भाग मोठ्या कोंबड्यांचा. मोठ्यांच्या भागात कामट्यांमध्ये अर्धा इंच फट ठेवावी, म्हणजे विष्ठा खाली पडते. बाळंतिणीच्या खोलीत मात्र एकही फट नसावी, कारण पिलाला खालून लागणारा वारा सर्वांत वाईट. तिथे फळी घालावी, किंवा कामट्या घट्ट बांधून त्यावर गोणपाट पसरावे आणि वर दोन इंच तूस अंथरावे.

(३) भिंती : पश्चिम, उत्तर आणि दक्षिण या तीन बाजूंना कामट्यांचा कूड करून तो आतून-बाहेरून शेणमातीने लिंपून घ्यावा. मातीची भिंत दिवसाचे ऊन धरून ठेवते आणि रात्री सावकाश सोडते. पत्र्याच्या भिंतीला हा गुण नाही. पत्रा उन्हाबरोबर तापतो आणि सूर्य मावळताच थंड पडतो.

(४) पुढची बाजू : पूर्वेकडे खालचा एक फूट भाग लिंपून बंद करावा. त्यावर अडीच फूट तारेची जाळी लावावी. दोन्ही भागांना जाळीचेच दार करावे आणि दाराच्या चौकटीत बोट जाईल एवढीही फट ठेवू नये. मोठ्या भोकांच्या जाळीने कोंबडी अडते, पण साप, उंदीर आणि मुंगसाचे पिलू अडत नाही. म्हणून अर्ध्या इंची जाळीचाच आग्रह धरावा.

(५) छप्पर : मागे दोन फूट आणि पुढे साडेतीन फूट अशी जमिनीपासून उंची येते. त्यामुळे छपराला पश्चिमेकडे चांगला उतार मिळतो आणि पाणी कौलांवरून चटकन उतरते. मागे आणि बाजूंना एक फूट, तर पुढे दीड फूट वळचण बाहेर काढावी. कौले नसतील आणि पत्राच घालायचा असेल, तर त्याखाली दोन इंच अंतर सोडून बांबूची तट्टी बांधावी. पहाटे पत्र्याला सुटणारे पाणी मग सरळ पिलांच्या अंगावर पडत नाही.

(६) पडदा : या खुराड्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. जाळीवर गोणपाटाचा पडदा लावताना त्याची खालची कड लिंपलेल्या भागाला पक्की खिळावी आणि पडदा खालून वर ओढून बांधावा. रात्री तो दोन फूट वर चढवावा आणि जाळीचा वरचा अर्धा फूट कायम उघडा ठेवावा. आपण सवयीने पडदा वरून खाली सोडतो. त्याने नेमके उलटे घडते. वरची वाट बंद होते आणि खालची कड वाऱ्याने उडून झोत पिलांवर येतो. सकाळी ऊन आले की पडदा पूर्ण खाली घ्यावा, म्हणजे ऊन थेट तुसापर्यंत पोचते.

(७) दांड्या : मोठ्यांच्या भागात मनगटाएवढ्या जाडीच्या, कड नसलेल्या दोन दांड्या एक फूट अंतराने बसवाव्यात. कोंबडीला रात्री उंचावर बसणे आवडते.

(८) खांबांचे पत्रे : प्रत्येक खांबाला जमिनीपासून एक फूट उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा वीतभर रुंद पट्टा गुंडाळावा. त्यावरून उंदीर-घुशींचे पाय घसरतात. चढण्याची शिडी रात्री काढून ठेवावी.

आईबरोबरची पिले

देशी कोंबडीसारखी उबवणारी दुसरी कोणी नाही. तिला फक्त कोरडी जागा आणि सुरक्षितता द्यायची असते. एक चूक मात्र सर्रास होते. उन्हाळ्यात बारा-तेरा अंडी घालतो, तेवढीच थंडीतही घातली जातात. कडेची अंडी पोटाखाली नीट येत नाहीत, गार पडतात आणि वाया जातात. फुटलीच तर कडेच्या पिलांना पंखाखाली जागा मिळत नाही. थंडीत नऊ-दहा अंडीच ठेवावीत. एकविसाव्या दिवशी पिले फुटली, की आईसह त्यांना बाळंतिणीच्या खोलीत आणावे. पहिले सात-आठ दिवस सकाळी ऊन चढेपर्यंत बाहेर सोडू नये. दवाने भिजलेल्या गवतातून फिरून पिलांची लव ओली होते आणि आई पुढे चालत राहते. दिवसा अंगणात सोडताना आई डालग्याखाली ठेवली तर पिले तिच्याभोवतीच घुटमळतात, आणि घार आली की डालग्याच्या भोकांतून आत पळतात.

आईविना आणलेली पिले

हल्ली पुष्कळ घरी सुधारित जातींची पिले आणली जातात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती, तसेच बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराज आपल्यातील अनेकांना ठाऊक आहेत. ही एक दिवसाची पिले आईविना येतात. त्यांची आई आपणच व्हायचे.

पंचवीस पिलांपर्यंत हेच खुराडे वापरता येते. मधली आडभिंत काढता येण्याजोगी ठेवावी. तेवढे दिवस मोठ्या कोंबड्यांची सोय दुसरीकडे करावी, कारण मोठ्यांचे रोग पिलांना लागतात. सगळ्या जमिनीवर गोणपाट घालून दोन इंच तूस पसरावे. आत जाड पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा दीड फूट उंच आणि तीन फूट रुंद असा गोल उभा करावा. गोल यासाठी, की थंडी वाजली की पिले कोपऱ्यात जमतात, एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. गोलाला कोपरा नसतो. पहिले दोन-तीन दिवस तुसावर कागद पसरावा, नाहीतर पिले दाणा समजून तूस खातात.

ऊब देण्यासाठी तारेचा जुना पिवळा बल्ब लागतो. हे मुद्दाम सांगत आहोत, कारण आता सगळीकडे एलईडी दिवे झाले आहेत. ते उजेड भरपूर देतात, पण उष्णता फारच थोडी. एलईडीखाली पिले उजेडात गारठून मरतात आणि दिवा लावला होता तरी असे कसे झाले, हे घरच्यांना उमगत नाही. थंडीत दर पिलामागे साधारण दोन वॅट धरावेत. पंचवीस पिलांना एक मोठा बल्ब लावण्यापेक्षा ४० वॅटचे दोन बरे. एक उडाला तरी दुसरा सकाळपर्यंत सांभाळतो. बल्बवर पत्र्याची टोपी असावी आणि तो तुसापासून एक ते दीड फूट उंच, तारेने पक्का टांगलेला असावा. नुसत्या वायरवर लोंबता ठेवू नये. बल्ब खाली पडला तर कोरडे तूस पेटायला वेळ लागत नाही.

पिलांच्या पातळीवर पहिल्या आठवड्यात ३५ अंश, दुसऱ्यात ३२, तिसऱ्यात २९, चौथ्यात २६ अशी दर आठवड्याला तीन अंशांनी ऊब कमी करत जावी. त्यासाठी बल्ब थोडा थोडा वर उचलावा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिसे भरली की बल्बची गरज संपते.

पिले येण्याच्या दोन-तीन तास आधी बल्ब लावून तूस गरम करून ठेवावे. लांबून आलेल्या पिलांना आधी गुळाचे कोमट पाणी आणि मग दाणा द्यावा. पाणी पसरट ताटलीत ठेवून त्यात स्वच्छ खडे टाकावेत, म्हणजे पिले पाण्यात पडून भिजत नाहीत.

वीज गेली तर?

खेड्यात वीज जाणारच. त्यासाठी दोन उपाय आधीच तयार ठेवावेत.

पहिला, गरम पाण्याचा. दोन-तीन जाड बाटल्यांत सोसेल इतके गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून आणि फडक्यात गुंडाळून त्या पिलांमध्ये आडव्या ठेवाव्यात. तीन-चार तासांनी पाणी बदलावे. बाटली पाझरत नाही ना, हे आधी पाहावे.

दुसरा, गवतपेटीचा. याला वीज मुळीच लागत नाही. आफ्रिकेतील इथिओपिया देशात लहान शेतकऱ्यांमध्ये ही पद्धत प्रसारात आणली गेली. दोन फूट रुंदीचे डालगे किंवा खोके घ्यावे. आतल्या कडेला चहूबाजूंनी चार-पाच इंच जाडीचे कोरडे पिंजर दाबून बसवावे आणि ते सुटू नये म्हणून आतून गोणपाट शिवून घ्यावे. मध्ये सव्वा फुटाची पोकळी राहते, तिच्यात तूस अंथरावे. गोणपाटात पिंजर भरून एक उशी करावी आणि झाकण म्हणून वर ठेवावी. उशीत मुठीएवढी दोन भोके ठेवायला विसरू नये. वीस-बावीस पिले आत बसली की त्यांच्याच अंगाची उष्णता पिंजर धरून ठेवते. चार-पाच पिले असतील तर मात्र या पेटीचा उपयोग नाही, तेवढ्या अंगांची ऊब पुरत नाही. दिवसा पिलांना बाहेर काढून खाऊ-पिऊ घालावे आणि पेटीतले तूस उन्हात टाकावे.

शेगडी मात्र कधीही आत ठेवू नये. कोळसा जळताना जो विषारी वायू सुटतो, त्याला वास नाही आणि रंगही नाही. पक्ष्यांना तो माणसाच्या आधी बाधतो. म्हणूनच विलायतेतील कोळशाच्या खाणींत कामगार पिंजऱ्यात एक छोटा पक्षी घेऊन उतरत. तो कोसळला की माणसे बाहेर धावत. ही पद्धत तिथे १९८६ सालापर्यंत चालू होती. जो नियम पिलांना, तोच आपल्या लेकरांनाही. बाळंतिणीच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत दारे-खिडक्या लावून शेगडी ठेवून झोपू नये. तिथेही ऊब पांघरुणाने द्यावी आणि वरची खिडकी किलकिली ठेवावी.

पिले आपणहून सांगतात

तापमापक नसला तरी अडत नाही. रात्री निजण्यापूर्वी एकदा खुराड्यापाशी जाऊन दोन मिनिटे उभे राहावे.

पिले बल्बखाली एका ढिगात जमून मोठ्याने ओरडत असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे. बल्ब खाली घ्यावा.

पिले बल्बपासून लांब, गोलाच्या कडेला, चोच उघडून धापा टाकत असतील, तर उकडते आहे. बल्ब वर घ्यावा.

सगळी पिले एकाच बाजूला सरकली असतील, तर समोरच्या बाजूने वारा येतो आहे. फट शोधून बुजवावी.

पिले सगळीकडे सारखी पसरून निजली असतील आणि हलकीशी कुजबुज ऐकू येत असेल, तर सर्व ठीक आहे. आपणही जाऊन निजावे.

पहाटे आणखी एक परीक्षा करावी. वाकून आपले तोंड पिलांच्या पातळीला न्यावे. डोळे चुरचुरले किंवा नाकाला झोंबले, तर पडदा चार बोटे खाली घ्यावा आणि ओले तूस काढून कोरडे घालावे. मूठभर तूस हातात दाबून पाहावे. मूठ उघडताच ते विसकटले तर कोरडे आहे, गोळा राहिला तर बदलण्याची वेळ झाली.

ऊब म्हणजे औषध नव्हे

खुराडे चांगले असले म्हणजे रोग येणारच नाही, असे नाही. मानमोडी, जिला राणीखेतही म्हणतात, ती आली की वाड्यावरच्या कोंबड्या आठ दिवसांत संपतात. तिच्यावर औषध नाही, लस आहे. पिलू पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात थेंब घालतात आणि पुढे सुमारे आठव्या आठवड्यात टोचणी देतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात याची चौकशी करावी. लशीच्या एका बाटलीत शंभर किंवा अधिक पिलांची मात्रा असते, त्यामुळे एकट्यासाठी बाटली फोडणे परवडत नाही. रविवारी मिस्सा आटोपल्यावर चार-पाच घरांनी बोलून एकच दिवस ठरवावा आणि बाटली बर्फात ठेवून आणावी. लस गार राहिली नाही, तर ती दिली काय आणि न दिली काय, सारखेच.

दर हंगामात पिले मोठी झाली की सगळे तूस काढून खतात टाकावे, कामट्यांच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे आणि आतून चुना मारावा. पिसवा आणि बारीक लाल किडे त्या सांध्यांतच लपतात. आठ दिवस ऊन खाऊ देऊन मगच नवी पिले आणावीत. अंगणात एका कोपऱ्यात चुलीतली राख आणि कोरडी माती ठेवली की कोंबड्या तीत लोळून आपल्या अंगावरच्या उवा आपणच झाडतात.

घरच्या माणसांनीही दोन गोष्टी पाळाव्यात. खुराडे झाडल्यावर, अंडी गोळा केल्यावर किंवा पिलांना हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. लहान मुले पिलू गालाला लावतात, त्यांना प्रेमाने समजावावे. दुसरे, एकाएकी पुष्कळ कोंबड्या किंवा कावळे मरू लागले, तर मेलेले पक्षी हाताने उचलू नयेत, विकू नयेत आणि खाऊ तर मुळीच नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्याला ताबडतोब कळवावे. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. २०२० सालच्या डिसेंबराच्या अखेरीस इंदूरमध्ये मरून पडलेल्या कावळ्यांतही तो आढळला. लपवण्याने तो वाढतो आणि कळवण्याने आवरतो.

लेकी-सोयऱ्यांसाठी

आपल्यातील कित्येकांच्या लेकी गोव्यात दिल्या आहेत, तर काहींची मुले नोकरीधंद्यासाठी इंदूर-ग्वाल्हेरकडे गेली आहेत. त्यांनाही हेच खुराडे उपयोगी पडेल, थोडा बदल मात्र करावा. गोव्यात थंडी बेताची, पण पावसाळा लांब. तिथे वळचण दोन फूट काढावी, जमीन अडीच फूट उंच ठेवावी आणि तूस वरचेवर बदलावे. तिकडे पिलांचा खरा वैरी ओल हाच आहे. ग्वाल्हेरकडे थंडीत पारा पाच अंशांच्याही खाली जातो. तिथे पडदा दुहेरी करावा, पिलामागे वॅट वाढवावेत, आणि शक्य असल्यास पिले संक्रांतीनंतर थंडी ओसरल्यावरच आणावीत. वरची वाट मात्र कुठेही बंद करू नये.

शेवटी एक विनंती

खुराडे बांधायला दोन माणसांना दोन दिवस पुरतात आणि लिंपण वाळायला आठवडा लागतो. म्हणजे कोंबडीला अंड्यांवर बसवले त्याच आठवड्यात काम काढले, तर पिले फुटण्याआधी घर तयार होते. आणि या वर्षी एक गोष्ट कराच. पिले फुटली की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेपाशी आकडा लिहा. एखादे गेले तर ते कशाने गेले तेही लिहा : घार, मांजर, गारठा, आजार. महिन्याने उरलेली पिले मोजा आणि तो आकडा पहिल्याच्या शेजारी मांडा. आपले पैसे कुठे गळतात हे त्या दोन आकड्यांवरून घरातल्या प्रत्येकाला कळेल, आणि पुढच्या हंगामात कोणती फट बुजवायची तेही.